गावाच्या नावाची खोली

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं कमी झाली. २००१च्या जनगणनेत १६ लाख ९६ हजार होती, २०११ला १६ लाख १५ हजार उरली. कोकणातला माणूस मुंबईला जातो हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, त्यामुळे या आकड्याचं फारसं कुणाला काही वाटलं नाही. पण त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई, तीही आटली. ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. आणि हीच ती दहा वर्षं, जेव्हा लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात जिकडे पाहावं तिकडे क्रेन उभ्या होत्या. इमारती चढत गेल्या आणि माणसं उतरत गेली.

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाच्या बाजूने पाहिलं की हे दोन आकडे एकाच दोरीची दोन टोकं आहेत हे लक्षात येतं. नाटे जैतापूर खाडीच्या उत्तर काठावर, खाडी समुद्राला मिळते तिथे आहे. वर यशवंतगड, खाली बाजारपेठ, शेजारी साखरी नाट्याचं मासेमारी बंदर, पुढे मुसाकाजी आणि आंबोळगड. घरं जांभ्या चिऱ्याची, कौलारू. अलीकडे स्लॅब पडू लागले, तरी माडाच्या शेंड्यावर डोकं काढणारं फारसं काही इथे नाही. साखरी नाट्यातला मच्छीमार समुद्रावर जगला. वरच्या वाड्यांमधला, कातळावर नाचणी-वरी पिकवणारा माणूस मात्र चार महिन्यांच्या पिकावर बारा महिने काढू शकत नव्हता. तो मुंबईला गेला.

जायची वाट समुद्राचीच होती. रस्ते झाले नव्हते, कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावायला १९९८ साल उजाडलं. त्याआधी आगबोट. ती किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. बिऱ्हाड-बोचकं घेऊन होडीतून तिच्यापर्यंत जायचं आणि हलत्या होडीतून वर चढायचं. जैतापूर, मुसाकाजी ही या बाजूची चढण्या-उतरण्याची ठिकाणं. पावसाळ्यात सेवा बंद, म्हणजे मृगाच्या आधी गेलेला माणूस सहज परत येऊ शकत नसे. मुंबईत उतरायचं भाऊच्या धक्क्यावर. तिथून माझगाव, घोडपदेव, काळाचौकी, लालबाग ही वस्ती पायी गाठता येते. गिरणगाव आणि कोकणी माणूस यांचं नातं सांगताना आपण गिरण्यांचंच बोलतो, पण नकाशा पुढे ठेवला की धक्क्याचं महत्त्वही दिसतं. जिथे उतरला, तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तो राहिला.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इतके लोक आले की १९२१च्या जनगणनेत मुंबईच्या पावणेबारा लाख लोकसंख्येत दोन लाखांहून जास्त लोकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला होता. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता हे खरं, तरीही शहरातल्या दर सहा माणसांत जवळपास एक आपल्याकडचा. हा पुरुषांचा लोंढा होता. बायका, म्हातारी माणसं, गुरं आणि शेती गावीच राहिली. २०११लाही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्याचं कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. त्यात मुलीच्या जन्माचा आदर किती आणि घरातला पुरुष मुंबईत असण्याचा भाग किती, हे कोकणातल्या कुठल्याही सासुरवाशिणीला विचारावं.

एवढे पुरुष राहत होते कुठे? इथे गावाच्या खोलीची गोष्ट सुरू होते.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी, शिवडी या भागांतल्या चाळींमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांच्या खोल्या होत्या. काही अजून आहेत. दारावर गावाचं किंवा वाडीचं नाव आणि पुढे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. आत दहा बाय बाराची जागा. भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पत्र्याच्या पेट्या, एका माणसाची एक पेटी, तिच्यावर रंगाने काढलेलं नाव. पेटीत दोन कपडे, दाढीचं सामान, गावाहून आलेली पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या. भिंतीच्या दोन टोकांना बांधलेली दोरी, तिच्यावर वाळणारे कपडे. कोपऱ्यात वळकट्यांची चळत. दर्शनी भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. मोरीत एका वेळी एकच माणूस मावेल. बाकी खोली रिकामी ठेवायची, कारण तिथे झोपायचं असे. गिरणी तीन पाळ्यांत चाले म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठून गेलेला असे. खोलीच्या पटावर पंचवीस-तीस नावं असली तरी चालत असे ते यामुळेच. जेवण खानावळीत. खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, आणि त्यांचं संघटन म्हणून १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

या खोलीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. भाड्याचा हिस्सा, वर्गणी, उचल, कोण गावी गेला, कोण नवीन आला, सगळं तीत. देवळाचं छप्पर, शाळेची खोली, पाखाडी, विहीर, शिमग्याच्या पालखीचा खर्च, यांचे निर्णय गावात होत, पण पैसा उभा राही या वहीतून, म्हणून निर्णयही निम्मे इथेच होत. शिमग्यातल्या मानपानाचे तंटे इथल्या बैठकीत मिटत किंवा चिघळत. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घेत नसत. कुणी मुंबईत वारला तर पुढचं सगळं मंडळ पाही. गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दींच्या धोबीतलाव-माझगावकडच्या ‘कुडी’ याच जातीच्या. एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या, मध्ये संताची वेदी, कडेला पेट्या, बोट लागली की माणूस येतो, बोट सुटली की जातो. गावाने शहरात स्वतःच्या नावाची जागा घ्यावी हे दोन्हीकडे सुचलं, आणि कुठल्याही सरकारी योजनेशिवाय ते तडीला गेलं.

याला सोनेरी वर्ख लावायचा नाही. खोली गावाची म्हणायची, पण बऱ्याचदा ती गावातल्या एका जातीची किंवा एका वाडीची असे. गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे पेटी ठेवायला जागा मिळेलच असं नव्हतं. बाईला तर नव्हतीच. नवऱ्याला भेटायला आलेली बाई नात्यातल्या एखाद्या बिऱ्हाडात, पडदा लावून केलेल्या आडोशाला राही. सकाळी संडासासमोर टमरेल घेऊन रांग, नळाला दोन तास पाणी, ढेकूण, क्षय. चाळीत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना आज घरात स्वतःचा संडास मिळाला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते उगाच नाही. टॉवरवर राग काढताना हे विसरणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. त्या संपाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. तो कधी अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही. कामगार गावी परतले, काही दिवसांसाठी म्हणून. नाटे-आंबोळगडकडच्या वाड्यांत, तशा साऱ्या तालुक्यांत, त्या वर्षी शेतावर हात वाढले आणि मनीऑर्डरी थांबल्या. ज्यांनी मुंबई सोडली नाही त्यांनी हळूहळू परळ सोडलं. स्वतःची खोली विकून आलेल्या पैशात नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर. गणपतीला गावी जायच्या एसटी गाड्या आता कुठून सुटतात ते पाहिलं तरी कोकणी माणूस कुठे सरकला ते समजतं.

जमीन मात्र परळलाच राहिली, सुमारे सहाशे एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, या सगळ्या जमिनींचा एकत्र विचार व्हावा म्हणून. तसा विचार झाला असता तर भर शहरात सलग मैदानं, रस्ते आणि घरं असा एक भाग उभा राहिला असता. २००१मध्ये नियमच बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची नव्हे, तर बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती. गिरणीची जमीन म्हणजे बहुतांशी शेडच, मोकळी जमीन ती किती असणार? पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले, २००५मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ७ मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव होऊन गेले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. मुंबईचा मध्य कसा दिसणार हे त्या काही महिन्यांत ठरलं.

एकाच गिरणीचा हिशेब पुरेसा बोलका आहे. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन हा सुमारे २८० मीटर उंचीचा मनोरा उभा आहे, देशातल्या सर्वांत उंच निवासी इमारतींपैकी एक. मार्च २०२०मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ३,८९४ घरांची सोडत काढली, त्यात बॉम्बे डाईंगची ७२०, स्प्रिंग मिलची २,६३० आणि श्रीनिवास मिलची ५४४ घरं होती. त्याआधी २०१२मध्ये ६,९२५ घरांची सोडत झाली होती. अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाच्या घरातले. उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरं देण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२५मध्ये कामगार आझाद मैदानात उतरले. त्यांची मागणी साधी होती: घाम जिथे गाळला तिथे घर द्या. मला ही मागणी भावनेची वाटत नाही. वांगणीहून परळला येऊन-जाऊन दिवसाचे चार तास जातात. शहराचा मध्य कोणाच्या हाताशी असावा, असा तो प्रश्न आहे.

गिरण्यांच्या जमिनी संपत आल्यावर चाळींची पाळी आली. अशा जुन्या, उपकरप्राप्त इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीत नियम ३३(७) आहे. भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मोफत, आणि त्या मोबदल्यात विकासकाला वाढीव चटईक्षेत्र. म्हणून एका आवारात दोन इमारती उभ्या राहतात. रस्त्याकडेला, पोडियमवर, विक्रीची. मागे, अंग चोरून, पुनर्वसनाची. प्रवेशद्वारं वेगळी, लिफ्ट वेगळ्या, बऱ्याचदा पत्त्यातलं नावही वेगळं. मधली वर्षं संक्रमण शिबिरात काढायची, आणि ती किती असतील हे करारात लिहिलेलं असलं तरी ठरलेलं नसतं. प्रतीक्षानगरला संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांतली मुलं तिथेच लग्नाला आली.

या नियमांना भाडेकरू ओळखता येतो. पावती कोणाच्या नावावर, १३ जून १९९६च्या आधीपासून तो आहे का, खोली किती फुटांची, एवढं पाहिलं की झालं. गावाची खोली या चौकटीत बसत नाही. ती घेताना मालकाने पावती कुणातरी एकाच्या नावावर फाडली, गावातल्या वजनदार माणसाच्या किंवा लिहिता-वाचता येणाऱ्याच्या. तो वारला. पावती तशीच राहिली, भाडं मंडळ भरत राहिलं. आता यादी तयार होते तेव्हा पात्र ठरतो तो त्याचा नातू, ज्याने कदाचित ही खोली पाहिलेलीही नसते. पटावरच्या तीस माणसांच्या हक्काला कागद नाही.

यातून निघणाऱ्या वाटा कुठल्याही मंडळाच्या बैठकीत ऐकायला मिळतात. वारस समजूतदार असला तर लिहून देतो. नसला तर कोर्ट. काही ठिकाणी जागा विकून पैसे वाटून घेतात आणि उरलेले गावच्या देवळाला लावतात, की प्रकरण मिटलं. ज्यांनी आधीच विश्वस्त मंडळाच्या नावाने कागद केले, त्यांना नव्या इमारतीत फ्लॅट मिळतो. पण तिथेही सोसायटी येते. एका घरात एक कुटुंब, हे सोसायटीचं गृहीत. आज चार माणसं, उद्या दहा, परवा गावाहून आलेला रुग्ण आणि त्याच्यासोबत तिघं, हे रजिस्टर लिहिणाऱ्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना पटत नाही. मग मंडळ तो फ्लॅट भाड्याने देतं. भाडं बँकेत जमा होतं, त्यातून शिमगा धूमधडाक्यात होतो, पण रात्री मुंबईत उतरलेल्या पोराला पेटी ठेवायला जागा राहत नाही.

आता या खोलीची गरज कोणाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत. गिरण्या नाहीत, पाळ्या नाहीत, गाववाले विरारला स्वतःच्या घरात राहतात. त्यांना परळच्या रस्त्यावरून एकदा रात्री चालत न्यावं. केईएम रुग्णालय १९२६चं, टाटा मेमोरियल १९४१चं, वाडियाही तिथेच. गिरणी कामगारांच्या वस्तीत उभी राहिलेली ही रुग्णालयं आज साऱ्या महाराष्ट्राची, देशाची आहेत. टाटाच्या बाहेर फुटपाथवर, पुलाखाली, ताडपत्री बांधून राहणारी कुटुंबं वर्षानुवर्षं दिसतात. केमोच्या एकवीस दिवसांच्या फेऱ्यांना नाटे गावाहून ये-जा करणं शक्य नसतं. राजापूर रोड स्टेशन गाठायलाच घाटवळणांचा रस्ता आणि अर्धा दिवस. अशा वेळी ज्या गावाची खोली परळला शाबूत आहे, त्या गावच्या माणसाला पाय टेकायला जागा असते, स्टोव्हवर पेज करता येते, फाइल घेऊन सोबत जाणारा कुणी तरी असतो. ज्या गावाने ती विकली, त्याच्या माणसाला धर्मशाळेच्या यादीत नाव घालून थांबावं लागतं. नर्सिंगला, स्पर्धा परीक्षेला, हॉटेलात कामाला येणारी मुलं-मुली आहेतच. मुलींसाठी अशी एक खोली व्हायला हवी होती, ती कधी झाली नाही. नव्या इमारतीत निदान तेवढी तरी दुरुस्ती करता येईल.

वरळीत सध्या सगळ्यांचं लक्ष बीडीडी चाळींकडे आहे. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. १४ ऑगस्ट २०२५ला इथल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी घर तिप्पट झालं. हे पुनर्वसन म्हाडा स्वतः करत आहे, आणि भाडेकरूला इतकं मोठं घर खासगी विकासकाकडून क्वचितच मिळतं, म्हणून याचं स्वागतच करायला हवं. पण वीस खोल्यांसमोरून जाणारी ती लांब, सरळ मधली वाट आता नाही. तिथे पोरं क्रिकेट खेळत, बायका तांदूळ निवडत, मयत झालं की सतरंजी पसरत. नव्या मजल्यावर लिफ्टसमोरची जागा आहे आणि बंद दारं आहेत. वापरायला सामाईक म्हणून जे आहे ते तळाशी किंवा गच्चीवर, आणि चाळिसाव्या मजल्यावरची म्हातारी तिथे रोज उतरत नाही. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च आज ना उद्या रहिवाशांवर येणारच. चाळीत भाडं चहापाण्याच्या खर्चाइतकं होतं. निवृत्तिवेतन नसलेल्या गिरणी कामगाराच्या विधवेला महिन्याचा देखभाल खर्च झेपेल का, हा प्रश्न खासगी पुनर्वसनाच्या इमारतींत आधीच उभा राहिला आहे. तो न झेपलेली माणसं घर भाड्याने देऊन पुन्हा बदलापूरची वाट धरतात. जुनी मुंबई का आटली याचं एक उत्तर इथे मिळतं.

दुसरं उत्तर परळच्या दामोदर नाट्यगृहाकडे पाहून मिळतं. ना. म. जोशींनी १९११मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारातलं हे १९२२चं नाट्यगृह. कामगार रंगभूमी इथे वाढली, आणि कोकणातल्या मंडळांचे नमन-खेळे, जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सामने इथे व्हायचे. दिवसा गिरणी, रात्री तालीम, आणि तालमीची जागा गावाची खोली. २०२३च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत कोकणातले नमनवाले पुढे होते. प्रेक्षकांचं पुढे काय होणार, ही त्यांची काळजी मला रास्त वाटते. दिव्याहून, नालासोपाऱ्याहून रात्री साडेआठच्या प्रयोगाला आलेला माणूस परत कसा जाणार? मुक्काम करावा अशी खोली जवळ होती म्हणून तो येत होता.

नाटे आणि आसपासच्या वाड्यांतून पाहिलं तर आज उलटी रीघही दिसते. निवृत्त झालेले चाकरमानी जुनं कौलारू घर दुरुस्त करून, संडास-बाथरूम घरात घेऊन, आंब्याच्या कलमांजवळ राहायला येतात. त्यांची मुलं मुंबईकडे आहेत, बहुतेक पुनर्वसनाच्या घरात किंवा उपनगरात. गणपतीला सगळे येतात, दारं उघडतात, अंगणात गाड्यांना जागा पुरत नाही. अकराव्या दिवशी पुन्हा कुलपं. मुंबईत खोली नसेल तर मंडळ भरणार कुठे, हा प्रश्न त्या दहा दिवसांत प्रत्येक बैठकीत निघतो, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुटत नाही. ग्रुपवर वर्गणी जमते, पण रुग्णाला झोपायला जागा मिळत नाही.

म्हणून, ज्या मंडळांची खोली अजून जुन्या चाळीत आहे त्यांनी पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी काही कामं उरकायला हवीत. ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की प्रस्ताव पुढे सरकतो, मग वेळ मिळत नाही. जुन्या भाडेपावत्या, वीजबिलं, वर्गणीच्या वह्या, बैठकांची इतिवृत्तं एकत्र करावीत. त्या वह्या आज पुरावा आहेत, रद्दी नव्हे. मंडळाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे झालेली आणि चालू आहे ना ते पाहावं. कित्येकांची जुनी नोंदणी आहे, पण विश्वस्तांच्या यादीतली माणसं हयात नाहीत आणि बदल अर्जच दाखल झालेले नाहीत. पावती ज्याच्या नावावर आहे त्याच्या वारसांशी आत्ताच, संबंध गोडीचे असतानाच, लेखी करून घ्यावं. आणि विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात ही जागा ग्रामस्थांच्या व त्यांच्या रुग्ण-विद्यार्थ्यांच्या निवासासाठी वापरली जाईल हे वाक्य घालून घ्यावं, म्हणजे उद्याच्या सोसायटीला त्यावर हरकत घेता येणार नाही.

सरकारकडे मागायचं ते वेगळं. सामाईक भाडेकरू नावाची गोष्ट ३३(७)मध्ये यायला हवी: मंडळाला मंडळ म्हणून पात्र धरणारी, पुनर्वसनाच्या इमारतीत त्याला खालच्या मजल्यांवर, रुग्णाला सोयीची जागा देणारी, आणि ती जागा विकता येणार नाही असं बंधन घालणारी. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या बीडीडी चाळींचं काम चालू आहे, लालबाग-काळाचौकीच्या कित्येक चाळींचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत. गणपती आटोपून मुंबईत परतलेल्या मंडळांच्या बैठका दिवाळीनंतरच्या रविवारी लागतात. विषयपत्रिकेवर पालखीच्या आधी खोलीचा विषय घ्यावा.